बंदोबस्त भरपूर, तरी चेंगराचेंगरी का होते?

नागपुरातल्या एका उत्सव मंडळाच्या सचिवांनी हा प्रश्न विचारला आहे. यंदा त्यांना मोठ्या मैदानावर कार्यक्रम घ्यायचा आहे. पाहुणे झेड-प्लस सुरक्षेतले आहेत आणि वीस हजार लोक येतील असा अंदाज आहे. ते लिहितात, "पोलीस असतात, अग्निशमन दल असतं, महापालिका असते, आमचे स्वयंसेवक असतात. आठ दिवस आधीपासून बैठका होतात. तरी दर वर्षी देशात कुठे ना कुठे माणसं मरतात. चूक नेमकी कुठे होते, आणि आम्ही काय पाहावं?"

मी तीस वर्षे पोलीस खात्यात काढली. त्यात हिवाळी अधिवेशनाचे मोर्चे, दीक्षाभूमी, मारबतीच्या मिरवणुका, जामठ्याचे क्रिकेट सामने असे सगळे बंदोबस्त केले. आता आयोजकांना आराखडे तपासून देतो. त्या अनुभवावरून सांगतो, कारण हा प्रश्न मला फार जवळचा आहे.

प्रत्येक खाते आपापली जागा बहुतेक वेळा नीट सांभाळते. माणसे मरतात ती दोन खात्यांच्या मधल्या जागेत. एकाची हद्द संपते आणि दुसऱ्याची अजून सुरू झालेली नसते, अशी एक पट्टी प्रत्येक कार्यक्रमात असते. ती कोणाच्याच नकाशात नसते आणि गर्दी साठते ती तिथेच.

तुम्ही ज्या बैठकांबद्दल लिहिले आहे, त्या आठवून पाहा. सार्वजनिक बांधकाम विभाग मंचाच्या मजबुतीचा दाखला देतो, विद्युत निरीक्षक वायरिंगचा. अग्निशमन दल ना हरकत देते, वाहतूक शाखा पार्किंगचा नकाशा ठेवते, पोलीस ठाणे पॉइंट, म्हणजे कोणी कुठे उभे राहायचे, ते वाटून देते. आरोग्य विभाग "दोन रुग्णवाहिका" असे लिहून देतो. मग अध्यक्ष विचारतात, "कोणाला काही अडचण?" सगळे म्हणतात, "नाही साहेब." चहा येतो, इतिवृत्तावर सह्या होतात. त्यातला एकही कागद खोटा नसतो. पण ते सगळे नकाशे एकावर एक ठेवून कोणी पाहिलेले नसतात. रुग्णवाहिका जिथे उभी राहणार, तिथेच जनरेटरची ट्रॉली येणार आहे, हे बैठकीतल्या कोणालाच माहीत नसते. कारण ट्रॉली लावणारा मंडपवाला बैठकीला बोलावलेलाच नसतो.

याचे सगळ्यात बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे, ते चेंगराचेंगरीचे नसले तरी. १३ जुलै २०२४, पेनसिल्व्हेनिया राज्यातले बटलर, डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारसभेत त्यांच्यावर झालेला गोळीबार. मंचापासून दीडशे मीटरच्या आत एका कारखान्याचे बसके छप्पर होते. आतली हद्द सीक्रेट सर्व्हिसची, म्हणजे नेत्यांचे रक्षण करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेची, बाहेरची स्थानिक पोलिसांची, आणि हे छप्पर बाहेरच्या हद्दीत. स्थानिक पथकातली माणसे त्याच आवारात, इमारतीच्या आत खिडकीशी होती. छपरावर कोणीच नव्हते. संशयित तरुण तासाभराहून आधी त्यांच्या नजरेत आला होता, त्याचे फोटोही काढले गेले होते. पण दोघांच्या कमांड पोस्ट वेगळ्या होत्या आणि रेडिओही वेगळे. शेवटी एक स्थानिक पोलीस दुसऱ्याचा आधार घेऊन छपराच्या कडेपर्यंत चढला. त्याला बंदूकधारी दिसला आणि त्याने ते आपल्या रेडिओवर सांगितलेही. अर्ध्या मिनिटात गोळ्या सुटल्या. मंचाजवळच्या रक्षकांपर्यंत तो निरोप पोचलाच नव्हता. सभेला आलेला एक माणूस ठार झाला आणि दहा दिवसांनी सीक्रेट सर्व्हिसच्या प्रमुखांना राजीनामा द्यावा लागला. पैसा, माणसे, यंत्रे त्या यंत्रणेकडे नव्हती असे नाही. ते छप्पर कोणाचे, एवढे एका वाक्यात लिहिलेले नव्हते.

दक्षिण कोरियाच्या सेऊल शहरात २९ ऑक्टोबर २०२२ ला इतेवॉन भागात १५९ माणसे गेली. तिथे तर आयोजकच नव्हता. हॅलोविनसाठी तरुण पोरे आपणहून आली आणि जेमतेम सव्वातीन मीटर रुंदीच्या उताराच्या गल्लीत अडकली. तिथल्या पोलिसांचा आपत्कालीन क्रमांकही आपल्यासारखाच ११२ आहे. लोक चेंगरतील असे सांगणारा पहिला फोन संध्याकाळी ६ वाजून ३४ मिनिटांनी आला. दुर्घटना सव्वादहाच्या सुमारास झाली. मधल्या पावणेचार तासांत असे ११ फोन आले होते.

हे वाचताना मला आपला धरमपेठेतला लक्ष्मीभुवन चौक डोळ्यांसमोर येतो. भारत सामना जिंकला की अर्ध्या तासात तिथे पाय ठेवायला जागा उरत नाही. आयोजक नाही म्हणून परवानगी नाही, परवानगी नाही म्हणून आराखडा नाही, आणि आराखडा नाही म्हणून कोणाचा पॉइंट नाही. अशा गर्दीसाठी अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशीच बंदोबस्त लावावा लागतो. सामना आपण जिंकू की नाही हे माहीत नसतानाही.

प्रभादेवीचा पूलही असाच मधला. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत तिथे २३ जण गेले. एका टोकाला पश्चिम रेल्वेचे स्थानक, दुसऱ्या टोकाला मध्य रेल्वेचे परळ. दोन्हीकडचे लोक एका अरुंद जिन्यावर आले आणि वरून पाऊस आला.

नागपूरला यातले काही नवे नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला अधिवेशनाच्या काळात गोवारी बांधवांचा मोर्चा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटजवळ होता. अनुसूचित जमातींच्या सवलती मिळाव्यात ही त्यांची मागणी. पुढे कठडे, मागे गर्दी, त्यात लाठीमार. ११४ माणसे गेली आणि त्यांत बायका-मुले फार होती. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आज त्यांचे नाव आहे, जवळच स्मारक आहे. त्या दिवशी मी तिथे नव्हतो. पण पुढे कित्येक डिसेंबर त्याच भागात उभा राहिलो आणि स्मारकासमोरून जाताना एकदाही मान वर करून गेलो नाही.

मोर्च्याच्या बंदोबस्तात मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट इथेच सांगतो. आपल्या नकाशावर मोर्चा कुठे अडवायचा तो पॉइंट असतो. अडवलेला मोर्चा परत कोणत्या रस्त्याने जाईल, हे क्वचितच काढलेले असते. शिष्टमंडळातले चार-पाच जण निवेदन घेऊन आत जातात, बाकीचे हजारो रस्त्यावर बसून राहतात. मंत्री सभागृहात अडकले, तर तासाचे तीन तास होतात. मंत्र्यांची वेळ हातात असते त्यांच्या स्वीय सहायकाच्या आणि गर्दीचा दाब हातात असतो पॉइंटवरच्या फौजदाराच्या. या दोघांमध्ये सरळ बोलण्याची सोयच नसते. मी एका अधिवेशनात विधानभवनात एक शिपाई फक्त एवढ्यासाठी बसवला होता. दर अर्ध्या तासाने त्याने शिष्टमंडळाचा नंबर कधी लागणार ते फोनवर सांगायचे, आणि आम्ही ते भोंग्यावरून मोर्च्याला सांगायचे. "तुमचे लोक आत बसले आहेत, अजून पाऊण तास लागेल." एवढ्याने लोक खाली बसत. उठून पुढे येत ते तेव्हाच, जेव्हा काहीच कळत नाही.

आता आकड्यांकडे येतो, कारण आयोजक इथे फार ढोबळ बोलतात. हिंदीत या दुर्घटनेला भगदड म्हणतात. त्या शब्दात पळणे आहे. आपल्या चेंगराचेंगरी या शब्दात दाब आहे आणि तोच जास्त खरा आहे. माणसे बहुतेक वेळा तुडवली जाऊन मरत नाहीत. उभ्या उभ्या छातीवर चहूबाजूंनी दाब येतो, बरगड्या हलायला जागा उरत नाही आणि श्वास बंद होतो. एका चौरस मीटरमध्ये चार माणसे असतील तोवर माणूस आपल्या पायांवर, आपल्या मर्जीने असतो. पाच-सहा झाली की धोका सुरू. जॉन फ्रुइन या अमेरिकी अभियंत्याने दाखवून दिले की सातच्या आसपास गर्दी पाण्यासारखी वाहू लागते. एका टोकाला धक्का बसला की लाट दुसऱ्या टोकापर्यंत जाते. त्या वेळी "शांत राहा" म्हणून काही उपयोग नसतो, कारण कोणाचेच पाय कोणाच्या ताब्यात नसतात.

तुमचे वीस हजार घ्या. सपाट जागेवरून एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसे जातात, जिन्यावरून ६६. ब्रिटनमध्ये स्टेडियमसाठी हेच आकडे धरतात. म्हणजे दहा फुटी गेटमधून मिनिटाला अडीचशेच्या आत. हे झाले बाहेर पडताना. आत येताना धातुशोधक चौकट आणि अंगझडती असते. माझ्या अनुभवात एका चौकटीतून मिनिटाला दहाच्या वर माणसे नीट तपासून होत नाहीत. वीस चौकटी लावल्या तरी मिनिटाला २००, म्हणजे वीस हजारांना १०० मिनिटे. आणि आपल्याकडे सातच्या कार्यक्रमाला लोक साडेसहाला घरून निघतात.

त्यात पाहुण्यांचा ताफा येतो. ताफा मैदानाजवळ आला की गेट वीस मिनिटे बंद. बाहेर मिनिटाला २०० याच वेगाने लोक येत राहिले तरी चार हजार माणसे साठतात. चार माणशी एक चौरस मीटर धरला तर त्यांना १००० चौरस मीटर जागा हवी. दहा मीटर रुंदीचा रस्ता शंभर मीटरपर्यंत गच्च. ती जागा तुमच्या नकाशात कुठे आहे? पाहुण्यांच्या सुरक्षेची आगाऊ पाहणी होते, तेव्हा ताफा कुठून येईल, कुठे थांबेल, मंचापासून पहिली रांग किती लांब, हे इंचाइंचाने मोजतात. ते मोजलेच पाहिजे. पण तो ताफा रस्ता मोकळा करतो म्हणजे रस्त्यावरची माणसे गल्ल्यांमध्ये लोटतो, आणि त्या गल्लीत कोणी उभा नसतो. म्हणून त्या पाहणीला तुमच्या गेटवरचा माणूस हजर असू द्या. ताफ्याचे गेट आणि लोकांचे गेट एकाच रस्त्यावर ठेवू नका. मैदानच तसे असेल तर दुसरे मैदान घ्या. यावर माझे मत पक्के आहे.

माझ्या हातून झालेली एक चूकही सांगतो, कारण पट्टी म्हणजे काय ते त्याशिवाय नीट कळायचे नाही.

विदर्भातल्याच एका शहरात मी नेमणुकीला होतो. कडेच्या एका मैदानावर गाण्यांचा कार्यक्रम होता. मैदानाला चार गेट आणि मागचे गेट नकाशात हिरव्या शाईने "आपत्कालीन" म्हणून दाखवलेले. त्या नकाशावर माझी सही होती. आयोजकांचा नकाशा भिंतीपर्यंत होता, आमच्या वाहतुकीच्या लोकांचा रस्त्याच्या कडेपासून पुढे. भिंत आणि रस्ता यांच्यात पंधरा-वीस फुटांची मातीची पट्टी होती. संध्याकाळी तिथे पावभाजी, आइस्क्रीमच्या गाड्या लागल्या, जनरेटर आला, त्याच्या जाड केबल जमिनीवरून गेल्या. गायक आल्याचा गलका झाला तशी बाहेर राहिलेली पोरे मागच्या गेटकडे धावली. आतून काही लोक लघवीला म्हणून त्याच गेटकडे निघाले होते. गेट बंद. दोन्हीकडून दाब.

मी मंचाच्या डाव्या बाजूला होतो. मला कळले ते वायरलेसवरून नाही. फुटाणे विकणारे दहा-बारा वर्षांचे पोर धावत आले आणि माझा हात ओढायला लागले. "साहेब, मागं पोरी दबून राह्यल्या, गेट उघडा ना!" आम्ही पळालो. गेटला पितळी कुलूप. "किल्ली कोणापाशी आहे?" "डेकोरेशनवाल्यापाशी. थो जेवाले गेला." आमच्या हवालदाराने मंडपवाल्यांची पहार आणून कडी तोडली. एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी गेटच्या जाळीला चिकटलेली होती. तिच्या मनगटात बांगडीचे तुकडे घुसले होते, एका पायात चप्पल नव्हती. मोकळी झाल्यावर तिने पाणी मागितले नाही. "माझा भाऊ कुठे आहे, निळा शर्ट," एवढेच ती म्हणत राहिली. भाऊ आइस्क्रीमच्या गाडीखाली बसलेला सापडला. त्या रात्री कोणी दगावले नाही. ते आमच्या नियोजनामुळे नाही, त्या फुटाणेवाल्या पोरामुळे.

नंतर मी निरोपाचा माग काढला. खासगी सुरक्षारक्षकाने पहिल्यांदा आपल्या वॉकीटॉकीवर सांगितले होते. ते ऐकले त्याच्या सुपरवायझरने. त्याने आयोजकांच्या मॅनेजरला सांगितले, तो स्पीकरच्या भिंतीशेजारी, त्याला अर्धेच ऐकू आले. त्याने आमच्या ठाण्यातल्या ओळखीच्या माणसाला मोबाइल लावला, नेटवर्क जाम. लागला तेव्हा तो माणूस साध्या ड्यूटीवर, दुसरीकडे. पहिला निरोप निघाल्यापासून मी गेटवर पोचेपर्यंत चौदा मिनिटे गेली होती. रक्षकाचा वॉकीटॉकी आणि माझा वायरलेस संच यांच्यातले अंतर चारशे पावले होते.

तेव्हापासून मी एकच आग्रह धरतो. नियंत्रण कक्ष एकच आणि त्यात सगळे एका टेबलाला. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, महावितरण, महापालिका, मंडपवाला, साउंडवाला आणि खासगी सुरक्षेचा सुपरवायझर, प्रत्येकाचा आपापला संच घेऊन एक माणूस. यंत्रे एकमेकांशी जोडली नाहीत तरी चालते, माणसे शेजारी बसली की निरोप तोंडाने जातो. इंग्लंडमधल्या मँचेस्टरमध्ये २२ मे २०१७ ला मैफल संपताना बॉम्बस्फोट झाला आणि २२ जण मेले. पोलीस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दल यांनी एकमेकांना भेटायच्या जागा वेगवेगळ्या धरल्या. अग्निशमन केंद्र जवळ असूनही बंब घटनास्थळी पोचायला दोन तासांहून जास्त वेळ लागला. सर जॉन सॉन्डर्स यांच्या चौकशी अहवालात ते सगळे मिनिटामिनिटाने नोंदले आहे. त्या खात्यांनी एकत्र काम कसे करायचे याची लेखी पद्धत आधीच ठरलेली होती, प्रशिक्षणेही झाली होती. त्या रात्री ती पद्धत कागदावरच राहिली.

आपल्याकडेही कागद कमी नाहीत. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे, गर्दीच्या ठिकाणांसाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची २०१४ ची मार्गदर्शिका आहे. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, शहरातला बंदोबस्त पोलीस आयुक्तांचा, मैदान तिसऱ्याच संस्थेचे. म्हणून मी आराखडा हातात घेतला की आधी शेवटचे पान उघडतो. तिथे "परिस्थितीनुसार वरिष्ठांशी चर्चा करून निर्णय घेण्यात येईल" हे वाक्य असले, तर तो आराखडा परत पाठवतो. चर्चेला वेळ नसतो. कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार कोणाचा, त्याचे नाव, त्याच्या जागी असणाऱ्याचे नाव आणि तो कोणत्या खुणेवर थांबवेल, हे आधी लिहा. खूण डोळ्यांना दिसणारी हवी. "रांग त्या पिंपळापर्यंत आली की लांबच्या चौकातच लोक अडवायचे", "मंचासमोरच्या राखीव जागेचा (डी-एरिया) पहिला कठडा वाकला की गाणे बंद", अशी. ज्याच्या हाती हा अधिकार त्याने मंचावर पाहुण्यांशेजारी बसू नये. तिथून गर्दीचे फक्त चेहरे दिसतात, दाब दिसत नाही.

उत्तर प्रदेशात हाथरसला २ जुलै २०२४ रोजी परवानगी ८०,००० जणांची होती, पोलिसांच्या फिर्यादीप्रमाणे अडीच लाखांवर लोक आले, १२१ गेले. बंगळुरूत ४ जून २०२५ रोजी आयपीएलच्या विजयोत्सवाला सुमारे ३५,००० आसनांच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर लाखोंची गर्दी जमली. लोकांना आवतण समाजमाध्यमांवरून गेले होते आणि प्रवेश मोफत की पासाने यावर गोंधळ होता. गेटवर ११ जण गेले. दोन्ही ठिकाणी आकडा हाताबाहेर गेला हे कार्यक्रम सुरू असतानाच दिसत होते. "आता बस" असे कोणी म्हटले नाही. म्हणायचे कोणी, हेच ठरलेले नसावे, असे मला बंदोबस्ताच्या अनुभवावरून वाटते.

थांबवताना बोलायचे काय, तेही लिहून ठेवा. निवेदकाच्या खिशात मराठीत आणि हिंदीत चार वाक्ये असू द्या. "कार्यक्रम दहा मिनिटं थांबवत आहोत. कोणीही पुढे येऊ नका. सगळ्यात मागे उभे असलेल्यांनी चार पावलं मागे घ्या. पुढे लहान मुलं आहेत." आधी मागच्यांना सांगायचे असते, कारण जीव पुढच्यांचा जातो आणि मागच्यांना त्याचा पत्ता नसतो. साउंडवाल्याने संगीत पूर्ण बंद करायचे, मैदानावरचे सगळे दिवे लावायचे. आणि निवेदकाने "चेंगराचेंगरी" हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

हे सगळे वाचून तुम्ही घाबरून जाल, म्हणून नागपुरातलीच उलट बाजू सांगतो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. १९५६ पासून येतात. रेल्वेने, एसटीने, ट्रकने, डोक्यावर गाठोडे घेऊन. स्तूपात बाबासाहेबांच्या अस्थींच्या दर्शनाला रांग लागते. रहाटे कॉलनी, लक्ष्मीनगर, काचीपुरा या सगळ्या बाजूंनी माणसांची नदी येते. इतक्या वर्षांत मी तिथे जे पाहिले ते कुठल्या प्रशिक्षणात शिकलो नाही. समता सैनिक दलाचे कार्यकर्ते माणसाला हात लावत नाहीत, "चला बाबा, चला माय, पुढं चला" म्हणत नदी हलती ठेवतात. अन्नदानाचे मंडप लांबपर्यंत पसरलेले असतात, त्यामुळे लोक एकाच जागी खोळंबत नाहीत. पुस्तकांच्या दुकानांशी मात्र गर्दी थबकते. बाई पदराला बांधलेली नोट सोडून लेकरासाठी पुस्तक घेते, तिला घाई करता येत नाही आणि करूही नये. म्हणून दुकानांसमोर चालण्याच्या वाटेपेक्षा दुप्पट रुंदी सोडावी लागते. हे मला एका जुन्या पुस्तकविक्रेत्याने सांगितले. आमच्या नकाशात दुकाने होती, दुकानासमोर थांबणारी माणसे नव्हती.

याच गर्दीचे दुसरे टोक म्हणजे अजनी आणि नागपूर स्थानक. मैदान सुटते त्या वेळी स्थानकावर काय चालले आहे हे मैदानाच्या नियंत्रण कक्षाला कळले पाहिजे. नवी दिल्ली स्थानकावर १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री कुंभमेळ्याच्या प्रवाशांमध्ये १८ जण गेले, पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे गाड्यांच्या सारख्या नावांच्या घोषणांनी गोंधळ झाला होता. गाडी उशिरा असेल तर लोकांना मैदानावरच तासभर बसवून ठेवणे केव्हाही बरे, तिथे जागा असते, पाणी असते. फलाटावर दोन्ही नसतात. तुमचा कार्यक्रम शहरातला असला तरी शेवटची मेट्रो किती वाजता आहे ते पाहून कार्यक्रमाची वेळ ठरवा. मेट्रोच्या लोकांना आधी पत्र द्या, फेऱ्या वाढवता येतात का ते विचारा.

उन्हाळ्यात घेणार असाल तर एक आणखी. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला पुरस्कार सोहळ्यात भर दुपारच्या उन्हात उघड्या मैदानावर लोक बसून होते, १४ जण उष्माघाताने गेले. नागपूरच्या मे महिन्याबद्दल तुम्हाला मी काय सांगावे. संध्याकाळी सातच्या आधी लोकांना मैदानात बोलावू नका.

तुमच्या कामापुरते बोलायचे तर पहिले हे करा. सगळ्या खात्यांचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर एकाच मापात काढून घ्या, एकावर एक ठेवा, खाली दिवा लावा. जिथे एकही रेघ नाही, तो पांढरा भाग लाल पेनने रंगवा. तुमच्या मैदानाच्या भिंतीपासून रस्त्यापर्यंत, पार्किंगपासून गेटपर्यंत, मंचामागे आणि बाहेर पडायच्या वाटेवरच्या पहिल्या वळणावर तो हमखास निघेल. त्या प्रत्येक लाल तुकड्यावर एका माणसाचे नाव आणि मोबाइल नंबर लिहा. खात्याचे नाव लिहू नका, माणसाचे लिहा. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी त्या माणसाला त्या जागेवर प्रत्यक्ष उभे करून "ही तुझी" असे सांगा. गेटच्या किल्ल्या गेटवरच्याच माणसाच्या गळ्यात हव्यात, आणि लोक आत असेपर्यंत गेटला कुलूप नको, फक्त कडी. रंगीत तालीम तुमच्या पन्नास स्वयंसेवकांनिशी करा, मंडपवाल्याला आणि फेरीवाल्यांच्या म्होरक्याला बोलवा. स्वयंसेवकांना सांगा की कोणी लहान पोर हात ओढायला लागले तर त्याला हाकलायचे नाही, आधी ऐकायचे.

नकाशे जमले की मला कळवा. मैदानावर आपण रात्री आठनंतर जाऊ. दिवसा सगळ्या वाटा रुंद दिसतात. कुठला दिवा लागत नाही, कुठे खड्डा आहे आणि कुठे केबल आडवी येणार, ते अंधारातच कळते. चपला घालून या, बूट नको. लोक ज्या पायांनी येणार त्याच पायांनी ती वाट चालून पाहायची आहे.